चाळिसातली दोन

— घे गं स्वानंदी, टेबल तुझंच, फक्त चप्पल काढू नकोस, कार्पेटमध्ये कपच्या राहिल्या असतील. काच नाही, ज्वालामुखीचा काळा दगड — काचेहून वाईट कापतो. बाणांची टोकं करायचे मी. हसू नकोस, पीएचडी होती माझी, जपानातल्या अश्मयुगीन बाणांवर. होती म्हणजे — सोडली. २००१ला अमेरिकेत, या स्टेट कॉलेज गावात आले, सहा वर्षं झाली, शुक्रवारी नाशिकला परत.

कशी करायचे? मांडीवर चामडं, त्यावर कपची, आणि हरणाच्या शिंगाचं टोक कडेवर दाबायचं — मारायचं नाही, दाबायचं. बारीक खपली उडते. मग उलटवून पुन्हा. नखाएवढा बाण! चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी असंच बसून केलेला. माझे पहिले दोनशे मोडले. मग जमायला लागलं — फारच जमलं, तेच वाईट झालं.

जपानातल्या एका छोट्या म्युझियमने चाळीस खरी टोकं पाठवली होती. लॅबबाहेर न्यायची नाहीत, सही केली होती मी. पण थीसिसची तारीख जवळ, बर्फामुळे कॅम्पस बंद होणार — फोटो काढायला घरी आणली. नंबर पिशव्यांवर, टोकं ट्रेमध्ये. शेजारी माझी, वाळूत घासून जुनी केलेली, कडा कशा झिजतात ते बघायला. कोपर लागलं आणि दोन्ही ट्रे खाली.

अडतीस फोटोंवरून जुळली. दोन टोकांचे फोटो काढायचे राहिले होते. तीन दिवस भिंगाखाली बघत बसले — माझं कुठलं, त्यांचं कुठलं, मलाच कळेना. कापून तपासलं तर वय कळतं, पण कापणार कोण? शेवटी ढिगातली दोन उचलली, पाठवून दिली.

नाही, कुणालाच नाही सांगितलं. सरांनाही नाही. म्युझियमच्या बाईंचं पत्र आलं — किती जपून पाठवलंत, शाळेची मुलं काचेला नाक लावून बघतात. त्यानंतर एक ओळ लिहिता आली नाही मला. आईला वाटतं, अभ्यास झेपला नाही. वाटू दे. उरलेली मी कचऱ्यात — हो, कचऱ्यात टाकली. घाबरले होते गं. त्यात ती खरी दोन असतील, नसतील...

अशी बघू नकोस माझ्याकडे. हे तुला का सांगितलं, देव जाणे. तुझा मित्र खाली गाडी चालू ठेवून थांबलाय ना? मग जा. जा ना आता.