टायरची चकाकी आणि दारांची करकर

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शाळेच्या संचालिकाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती गॅरेजप्रमुख साहेब, वहिनीसाहेब, आणि समोर बसलेल्या ड्रायव्हर-मेकॅनिक मंडळींनो,

साहेब आज निवृत्त होतायत, त्यांच्याबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. साहेब माणूस टापटिपीचा. शाळेच्या बसवर बोटभर धूळ त्यांना खपत नसे. तपासणीला कुणी येणार म्हटलं की त्यांचं एकच पालुपद, "टायर कसे काळेभोर दिसले पाहिजेत!" आणि दिसायचेही. पाहुणे खूश होऊन जायचे.

मी पडलो दारांचा मेकॅनिक, माझं दुखणं वेगळं. बसची दारं करकरतात म्हणून मी तेलाचे स्प्रे मागवायचो. डबे यायचे, आणि बिजागरीवर मारायला जावं तर कपाट रिकामं! शेवटी घरून बायकोच्या शिवणयंत्राचं तेल आणून घातलं. हसू नका, खरं सांगतोय. मग माझे डबे जात होते कुठे? मनात पाल चुकचुकली. पण म्हटलं, साहेबांवर कशाला संशय घ्या?

मग झाली ती धडक. बस चालवत होते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नशीब, मुलं उतरली होती. कोरडा रस्ता, गेटचं वळण, दाजींनी ब्रेक दाबला आणि बस थेट भिंतीवर. "डुलकी लागली असणार," साहेब म्हणाले आणि दाजींना घरी बसवलं. तेव्हापासून ताई शेजारीपाजारी मान वर करून बोलत नाही. मला याचा राग येतो, उघडच सांगतो.

बस ओढून आणायला मीच गेलो होतो. पुढच्या टायरवरून हात फिरवला तर तेलकट! बाजूला फासलं असतं तर समजलो असतो, चकाकीची हौस. पण रस्त्याला टेकतो त्या भागावरसुद्धा? नक्षीत वाळू चिकटलेली, आणि वास माझ्या स्प्रेचा. तेवढ्यात साहेब आले. पहिलं वाक्य काय? "भिंतीचं नंतर बघू, आधी टायर धुऊन काढा." माणसाला लागलंय का, हे विचारलंच नाही. का हो साहेब? टायरची एवढी घाई कसली होती?

असो. निरोपाच्या दिवशी कडू बोलू नये. वहिनी, तुम्ही पाणी घ्या.

दाजींना कामावर ठेवायचं की काढायचं, हे संचालिकाबाई उद्या ठरवणार आहेत. साहेबांचा शब्द आज संध्याकाळपर्यंत चालतो. दाजी आणि ताई मागच्या रांगेत बसलेत, मीच आणलंय त्यांना.

मला बोलू दिलंत, मध्येच खाली बसवलं नाहीत, याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आता माईक साहेबांच्या हाती देतो. दाजी, जरा उभे राहा. साहेब, त्यांच्याकडे बघून सांगा, डुलकी लागली होती का?