पट्टीच्या वरचं पाणी

तिथून नको मोजूस, पोरी. असू दे ती पितळेची पट्टी — हो, मीच ठोकलीय, ‘अठ्ठ्याहत्तरचं पाणी इथवर’ — तो पुराचा नकाशा दाखव बघू परत. म्हणजे गल्लीत निळ्या रंगात आम्ही, आणि शेजारची आयव्ही कोरडी? तिचं जोतं तीन पायऱ्या वर म्हणून? आणि हे सगळं माझ्या पट्टीवरून? वाटलंच मला. बाकीच्यांनी भिंती रंगवताना आपापल्या खुणा घालवल्या, उरली माझीच. आता तू पडताळायला आलीस, पण नकाशा तर घरोघर पोचलाय. आयव्हीची कंबर गेलीय, जिना चढवत नाही. धोका नाही असं छापून आल्यावर गेल्या रविवारी तिचा पलंग खाली आणला. कोणी? मीच की. नाही म्हणायला तोंड कुठं होतं मला?

बायको, मॉरीन, दुकानात गेलीय, तोवर सांगून टाकतो. त्या संध्याकाळी मी धक्क्यावर वाळूची पोती रचत होतो — भरतीच्या तक्त्यात काही का असेना, उत्तरेचा वारा सुटला की त्या तक्त्याला कोण विचारतंय — आणि ही घरात एकटी, वर, अंधारात, पाणी जिना चढतंय ते ऐकत. किती चढलं ते तिनं पाहिलं नाही. सकाळी जी बहिणीकडे गेली ती सात महिने आलीच नाही. मी पट्टी लावली होती ती खऱ्या जागी. छातीएवढी. मग तिचं पत्र आलं, एकदा घर बघून जाते म्हणून. आदल्या दिवशी मी पट्टी काढली आणि गुडघ्याजवळ ठोकली. एवढंच आलं होतं गं, म्हटलं. राहिली. दुसरं काय करणार होतो मी? बायको हवी होती मला घरात.

वर स्क्रूची दोन भोकं असतील बघ, तिथून मोज. बुजवायची राहिलीच माझ्याकडून. दिसत नाहीत? रंगात गेली असतील — अगं, आलीस? ही पाहणीवाली पोरगी. काही नाही, असंच भिंतीबद्दल — काय? कोणती भोकं?

तू बुजवलीस?

कधी? …आलीस त्याच आठवड्यात?

पोरी, मॉरीन बोट ठेवतेय ना, तिथून मोज. आणि नीघ मग. जाता जाता आयव्हीचं दार वाजव, म्हणावं आम्ही दोघं येतोय, पलंग वर न्यायला.