अर्धशिशीची गोळी

(शिरूर अनंतपाळमधला दवाखाना. डॉक्टर, सासू शरणम्मा आणि सून नीलम्मा.)

शरणम्मा : माझीच गोळी लिहा हिला, डॉक्टर. जिभेखाली ठेवली की ठणका उतरतोय.

डॉक्टर : ती जालीम गोळी आहे. तुम्ही अर्धशिशीनं उलट्या करून आडव्या पडायचात, म्हणून दिली होती. नीलम्मा, दुखत असताना काम होतं का तुझ्याच्यानं?

नीलम्मा : होतंय की. डोकं एका अंगानं ठणकतंय, उजेड नको वाटतो. पर टँकर आला की पळते.

शरणम्मा : पळंल न्हाई तर काय करंल? दुष्काळ हाय. लातूर जिल्हा झाला, हिचा नवरा, आमचा सिद्धराम, तिथं कचेरीत लागला. घरात आम्ही दोघी. माझे गुडघे गेलेत. ही पडली तर पाणी कोण भरंल?

डॉक्टर : यांची गोळी घेतलीस का कधी?

नीलम्मा : आत्याबाईंनी दोनदा दिली. घेतली न्हाई.

शरणम्मा : आँ? गिळली म्हणालीस की!

डॉक्टर : पाळी कधी आली होती?

नीलम्मा : संक्रांतीला. मग न्हाई.

शरणम्मा : अगं बाई! आन मला बोलली न्हाईस?

नीलम्मा : मागच्या बारीला बोलले होते. तिसऱ्या महिन्यात गेलं. मग सारी गल्ली येऊन विचारत राहिली, कसं गेलं, का गेलं. औंदा टिकलं तर सांगीन म्हणलं.

शरणम्मा : डॉक्टर... हिनं ती गोळी खाल्ली असती तर?

डॉक्टर : तिच्यानं गर्भपिशवी आवळते. पोटुशीला ती द्यायचीच नाही. ॲस्पिरिनही नको. हिचं दुखणं हलकं आहे, साधी पॅरासिटामॉल पुरे. ठणका सुरू झाला की लगेच एक घ्यायची, रोज नाही. उपाशी राहू नको. अंधारात जरा पडायचं. नजर अंधुक झाली, तोंड-हात सुजले, तर तडक इकडं यायचं.

नीलम्मा : आन पाणी?

शरणम्मा : मी आणीन.

नीलम्मा : तुमचे गुडघे, आत्याबाई.

शरणम्मा : दोन घागरी न्हाई, एक आणीन. सिद्धरामला सांगावा धाडते, रजा काढून ये म्हणून.

नीलम्मा : गल्लीत बोलू नका पर.

शरणम्मा : न्हाई बोलत.

नीलम्मा : टँकरपाशी बाया विचारतील, आज तुम्ही कशा आलात म्हणून.

शरणम्मा : विचारू दे. म्हणीन, सुनेचं डोकं दुखतंय.