‘टाक’ या क्रियापदाचे दोन अर्थ

माननीय अध्यक्ष आणि या कंपनीचे मालक, आपले मुदलाळी श्रीयुत चंद्रमौळी, व्यासपीठावरील पाहुणे ऑडिटर स्वामीनाथ, आज जिला आपण निरोप देतो आहोत ती वेदवती, आणि मेलकावेरीहून उन्हात चालत आलेले आप्तजनहो,

पितळी दिव्यांच्या या कंपनीत मी, वासुदेवराव, एकवीस वर्षे पत्रे लिहितो. पत्र लिहिणाऱ्याला मध्येच कोणी थांबवत नाही, तेव्हा सवय वाईट. थोडे सहन करावे.

संगणकाच्या खोलीत एसी आहे म्हणून आपण सगळे वेदवतीचा हेवा करतो. त्या खोलीला खिडकी नाही, हे कोणाच्या ध्यानात आले का? तीन वर्षे ती तिथे एकच काम करते आहे: एकदा केलेले पुन्हा.

कारण ठाऊक आहे. त्र्याण्णव साली डिस्क भरली. जुन्या पाच वर्षांचे हिशेब फ्लॉपीवर उतरवून मग यंत्रातून पुसायचे होते. फ्लॉपी कोरी राहिली, हिशेब पुसले गेले. मुदलाळींनी ठरवले, जिने पुसले तिनेच पावत्यांची पोती उघडून सगळे पुन्हा भरावे. न्याय्यच. फक्त एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही.

त्या दुपारी वेदवती माझ्या टेबलाशी आली. ऑफिसात तमिळ बोलायचा आपला शिरस्ता, पण दोघेच होतो, म्हणून तिने घरच्या मराठीत विचारले, “अण्णा, जुनी वर्षे काय करू?”

मी मान वर न करता म्हणालो, “टाक.”

“टाकू?”

“किती वेळा विचारशील? टाक म्हणतो ना.”

मी पुण्याच्या व्यापाऱ्यांची पत्रे वाचून तिकडची मराठी शिकलेला विद्वान. ते लिहितात, माल गाडीत टाका, चिठ्ठी पेटीत टाका. माझ्या मनात होते, फ्लॉपीवर टाक. आपल्या इकडच्या मराठी घरांत टाकणे म्हणजे फक्त टाकून देणे. अलंकारशास्त्रात याला श्लेष म्हणतात आणि कवीला शाबासकी मिळते. इथे यंत्राने तिला इंग्रजीत विचारले, नक्की ना? तिने वडीलधाऱ्याचा शब्द मानून होकाराचे बटण दाबले.

मी नंतर तिला हळूच म्हणालो, “माझे नाव सांग.”

“तुमच्या मुलीचे लग्न तोंडावर आहे अण्णा. नोकरी गेली तर? सांगायचे तेव्हा तुम्हीच सांगा.”

लग्न झाले. नातूही झाला. बोलायला मुहूर्त काही सापडला नाही.

काल मुदलाळींनी मला आजचे मानपत्र लिहायला सांगितले आणि शेवटी एक ओळ घालायला लावली: उरलेल्या चार पोत्यांसाठी वेदवती सोमवारपासून अर्धा दिवस येत राहील. मग हा निरोप कसला? त्रिचीला तिची थोरली बहीण सुंदरी अंथरुणाला खिळून तिची वाट पाहते आहे.

त्या ओळीत मी नाव बदलले आहे. वेदवतीच्या जागी वासुदेवराव. मुदलाळी, आपली सही अजून व्हायची आहे. संतापायचे असेल तर आधी सही करून मग संतापावे, ही विनंती. आणि वेदवती, “असू दे अण्णा” असे आता म्हणू नकोस. तेवढ्यावर मी तीन वर्षे काढली.

पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि पाने मांडून ताटकळलेल्या आचाऱ्यांचे आभार. भाषणात काही उणे-अधिक झाले असल्यास सभेने पोटात घालावे. त्या दुपारची क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही. ती वेदवतीकडे मागतो, आणि तिने नाही म्हटले तरी सोमवारी त्या खोलीत मीच बसेन.