एक वायर त्याची, एक माझी

मंडळी, एक सांगा — दुसऱ्याच्या घरातलं हसू ऐकून पोटात दुखतं का हो कधी? हात वर करू नका! ज्याचं हसू ऐकलंत, तो शेजारीच बसला असेल!

विठ्ठल विठ्ठल! ऐका.

मिरजेत एक घर. खाली थोरला त्र्यंबक, माडीवर धाकटा वसंता. माडी कुणाची यावरून भांडण झालं, बोलणं बंद! मध्ये जिना — कोंदट, खिडकी नाही. जिन्यात एक दिवा आणि त्याला बटणं दोन, एक खाली, एक वर. खालून लावा, वर पोचून विझवा. भाऊ बोलेनात, पण दिवा बिचारा दोघांचंही ऐकायचा!

आई राहायची थोरल्याकडे. जेवण खाली, औषध खाली, झोपणं खाली. अन् हसणं? — वर! रोज संध्याकाळी म्हातारी वर जायची, धाकट्या सुनेशी गप्पा मारायची, अन् ते हसू जिन्यावरून गडगडत खाली यायचं. त्र्यंबक हातातली भाकरी ताटात परत टाकायचा. ‘करतो मी, अन् हसते त्याच्याकडे! असं आहे काय त्याच्यात?’

एके दिवशी हसू जरा जास्तच आलं.

उठला! टेस्टर घेतला. जिन्याचा फ्यूज काढला. खालचा बोर्ड उघडला. बघतो तर काय — वरच्या बटणाकडे दोन वायरी गेलेल्या! आता मत्सराचं डोकं बघा कसं चालतं. म्हणाला, “दोन वायरी, दोन भाऊ. एक त्याची, एक माझी!” अन् एक उपटली!

पेटीवाले, हसताय काय? तुम्ही काय वेगळं केलं असतंत?

फ्यूज बसवला. बटण दाबलं — लागला! परत दाबलं — विझला! त्र्यंबक खूश. दिवा आता आपल्या हुकमात. तेवढ्यात वरून आवाज, “येते गं पोरी!” अन् वरचं बटण. टक्.

अंधार.

‘मेलं वरचं बटण!’ त्र्यंबक गालात हसला.

आणि मग ऐकलं — आईचं पाऊल. रोजची सवय हो! उजेड नाही तर नाही, निघाली. एक पायरी. दुसरी. मग हातातलं भांडं घरंगळल्याचा आवाज — “अगं आई गं!”

त्र्यंबकानं बटण दाबलं. टक्. अंधार! ‘माझंही मेलं?’ वरून वसंता धावला, त्यानंही दाबलं. टक् — लागला! क्षणभर दिसली आई, एक पाय हवेत, हात भिंतीवर. पण घाबरलेल्या त्र्यंबकाचं बोट थांबतंय कुठलं? टक्. पुन्हा अंधार!

“दिवा लावा रे कुणीतरी! पाय टेकत नाही!”

आता त्र्यंबकाला कळलं. दोन्ही वायरी दोघांच्या होत्या! एक तोडली, तर दिवा विझवायला कुणीही एकटा पुरे — अन् लावायला दोन्ही बटणं जुळायला हवीत. म्हणजे बोलावं लागणार. बंद पडलेल्या तोंडानं!

“वसंता!”

वसंताचं बोट बटणावरच थबकलं.

“वसंता, हात लावू नको! आहे तसं राहू दे!”

“नाही लावत, दादा!”

टक्.

उजेड! आई आहे त्या पायरीवर मटकन बसली. तिनं खाली पाहिलं — उघडा बोर्ड, लोंबणारी वायर, लेकाच्या हातात टेस्टर.

“त्र्यंबका, ही वायर कुणाची रे?”

त्र्यंबकानं टेस्टर खाली ठेवला. “...दोघांची.”

“मग जोड. आणि उद्या तूही ये वर. रोज खाली बसून कान लावतोस, ते काय मला ठाऊक नाही? अरे, तुझ्याच लहानपणच्या गमती सांगते मी तिला! नवं काय आहे माझ्याकडं हसायला?”

वसंता खाली आला, बॅटरी धरून उभा राहिला. त्र्यंबक फ्यूज काढून वायर जोडू लागला. वायर जागेवर बसेना, म्हणून वसंतानं मनगट धरलं. बोलायचं ते जिन्यात बोलून झालं होतं.

मंडळी, त्र्यंबकाचं राहू द्या. आपण सगळेच एखादी वायर उपटून बसलोय — भावाची म्हणून, जावेची म्हणून, शेजाऱ्याची म्हणून. आज घरी जाल, अंधार दिसेल, वरच्याला शिव्या द्याल. त्याआधी जरा कान द्या —

जिन्यात कोण उभं आहे?