शिळा कुणी फिरवली याबाबत

नाव धम्मदीप म्हाळू ओव्हाळ, वय २४ वर्षे, शिक्षण नववी, धंदा मिळेल ते काम, सध्या टीव्ही मालिकेच्या सेटवर हेल्पर, राहणार बौद्धवस्ती, मौजे चिंचमोडी, राहूजवळ, ता. दौंड, जि. पुणे.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून लिहून देतो की, हा जबाब द्यायला मला बुधवारी बोलावलं होतं. आज शनिवार आहे. बुधवारी मी शिरूरला गेलो, गुरुवारी मोटारसायकलची चेन तुटली, शुक्रवारी काही कारण नव्हतं तरी आलो नाही. लिहायचं टाळत होतो हे खरं आहे. ठाण्यातला कॉम्प्युटर बंद आहे आणि टाईप करणारे शिपाई बंदोबस्ताला गेलेत. म्हणून हवालदार सोपानराव म्हणाले, "तुझ्या हातानं लिही. फाटे फोडू नको. वार, वेळ, जागा, काय घडलं, बास." तसं लिहितो.

मी याआधी कोरेगाव भीमाला एका कंपनीत पॅकिंगला चार महिने होतो, मग एका कॅन्टीनला, मग टेंपोवर क्लीनर. एका जागी माझं मन लागत नाही. मालिकेच्या कामावर मात्र तिसरा महिना चालू आहे, कारण तिथं रोज नवीन काहीतरी बघायला मिळतं.

मालिकेचं नाव 'सावरासावर'. त्यात एक मंत्री आहे, तो दर आठवड्याला काहीतरी भानगड करतो आणि मृणाल नावाची बाई ती निस्तरते. मंत्र्याची क्लिप बाहेर आली, मंत्र्याचा मेहुणा सापडला, मंत्र्याच्या तोंडून भलतंच निघालं, की मृणाल दोन फोन करते, चष्मा काढून टेबलावर ठेवते, आणि सकाळपर्यंत मंत्री हार घालून उभा. मृणालचं काम अनुपमाताई करतात. त्यांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातली चहाची किटली तशीच तिरकी राहिली आणि चहा माझ्या बुटात गेला. हे विचारलेलं नाही, पण घडलं आहे.

मंत्र्याचं ऑफिस म्हणून जो हॉल घेतला आहे तो आमच्याच वस्तीच्या कडेला आहे. त्याला कायम कुलूप असतं. आत पृथ्वीराज गवारे यांच्या ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या होत्या. पृथ्वीराज हे माजी सरपंच सावळाराम आप्पा गवारे यांचे पुतणे. युनिटनं हॉल त्यांच्याकडून भाड्यानं घेतला. चार दिवसांत तिथं गालिचा, झुंबर, काचेचं टेबल, भिंतीला लाकूड. ज्या हॉलच्या खिडकीला नाक लावून आम्ही चार वर्षं नुसता अंधार बघितला, तिथं एवढा उजेड पडला की डोळे मिटावे लागले. मी त्या दिवशी जेवायचं विसरलो.

गोण्या काढताना मागं काळ्या दगडाची एक शिळा निघाली. तिच्यावर सोनेरी अक्षरात असं लिहिलेलं आहे : अभ्यासिका, बौद्धवस्ती, मौजे चिंचमोडी. लोकार्पण मा. सावळाराम आप्पा गवारे यांच्या शुभहस्ते. खाली २०२१ सालची तारीख. अभ्यासिका म्हणजे पोरापोरींनी बसून अभ्यास करायची खोली. ती आमच्या वस्तीसाठी झाली होती हे आम्हाला त्या दिवशी त्या दगडावरून कळलं.

मालिकेत एक उद्घाटन दाखवायचं होतं, त्यासाठी दगड पाहिजेच होता. आर्टवाले म्हणाले, आयता मिळाला, मागच्या बाजूनं लिहून घ्या. शिळा टेंपोत टाकून मी न्हावऱ्यावरून शिरूरला गोकुळ पेंटरकडे नेली. गोकुळ पेंटरनं गोणपाट काढलं आणि हसायला लागला.

"ही तर माझीच अक्षरं हायत की रं. चालती का अभ्यासिका?"

मी म्हणालो, "न्हाई."

"किती पोरं बसत्यात?"

"अहो न्हाई म्हणलं ना. कुलूप हाय."

गोकुळ पेंटरनं ब्रश धुतला आणि म्हणाला, "मागं काय लिहायचं ते सांग." मागच्या बाजूला त्यानं 'महिला सहाय्य कक्ष' असं लिहिलं आणि मालिकेतल्या मंत्र्याचं नाव घातलं. म्हणजे शिळेला दोन्ही बाजूंनी सोनेरी अक्षरं झाली. हे तपासात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

मागच्या शनिवारी, म्हणजे बरोबर आठवड्यापूर्वी, उद्घाटनाचा सीन होता. सकाळी शिळा स्टँडवर ठेवली, पुढं निळा पडदा लावला. तिच्यावर लाईट चमकत होता म्हणून दुपारी एकच्या सुमारास ती खाली उतरवली, पुसली, आणि युनिट जेवायला गेलं. पावणेदोनला परत आलो तेव्हा शिळा स्टँडवर होती आणि पडदा लावलेला होता. सेटवर एक मॅडम असतात, त्यांचं काम आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये फरक पडू न देण्याचं. त्यांनी मोबाईलमधला फोटो बघून पडद्याच्या चुण्या मोजल्या. अकरा होत्या, अकराच भरल्या. पडद्यामागं कुणी बघितलं नाही.

मधल्या वेळात शिळा स्टँडवर मी ठेवली. मी एकट्यानं ठेवली. दोन्हीकडं सोनेरी अक्षरं असल्यामुळं माझ्याकडून बाजू चुकली. हवालदारांनी विचारलं, तुला वाचता येतं ना? येतं. त्यांनी विचारलं, दगड दोन माणसांचा आहे ना? आहे. त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं. तरी मी एकट्यानंच ठेवली.

माझी चुलत बहीण गौतमी त्या दिवशी सेटवर आली होती का, असंही विचारलं. ती माझा डबा घेऊन आली होती आणि लगेच गेली. किती वाजता गेली ते मी घड्याळात बघितलं नाही. तिच्या बोटांना निळा रंग होता असं पृथ्वीराज म्हणतात, तो तिच्या चार्टपेपरचा असेल, ती अभ्यासाला तक्ते करते. नवीन पडद्याचा रंग हाताला लागतो हे खरं आहे, पण माझ्याही हाताला लागला होता. गौतमी पोलीस भरतीला आहे. मैदानी झाली, लेखी राहिली. गोळाफेकीत तिला पैकीच्या पैकी गुण आहेत, पण त्याचा शिळेशी काही संबंध नाही. ती पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळते आणि अभ्यासाला एसटीच्या निवाऱ्यात बसते, कारण तिथं पंचायतीचा दिवा आहे. दहा बाय दहाच्या घरात आम्ही सात जण. भरतीत निवड झाली की पोलीसच गावात येऊन चौकशी करतात, कुणावर गुन्हा आहे का बघतात. म्हणून लिहितो की तिचं नाव या कागदावर फक्त डब्यापुरतं आलं आहे.

सीन दुपारी अडीचला लागला. गर्दी म्हणून आमच्याच गावचे लोक बसवले होते. मंत्र्यानं हात जोडायचे, मृणालनं पडदा ओढायचा आणि पत्रकारांना म्हणायचं, "ज्या क्लिपबद्दल तुम्ही विचारताय ती आम्हीच बाहेर दिली, कारण साहेबांकडे लपवण्यासारखं काही नाही." तिची ती पद्धतच आहे. जे झाकता येत नाही ते आपणच उघडलं असं सांगायचं.

अनुपमाताईंनी पडदा ओढला. दगडावर आमची वस्ती होती.

मी लाईटच्या स्टँडपाशी उभा होतो. त्यांनी शिळा वाचली. एवढाच एक क्षण. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं, हसलं असतं, चुकलं म्हणालं असतं. त्यांनी चष्मा काढला, मंत्र्याकडे वळल्या आणि मृणालच्याच आवाजात म्हणाल्या, "साहेब, ही अभ्यासिका आहे. चार वर्षं झाली. किल्ली कुणाकडे आहे?"

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मंत्र्याचं काम करणारे गृहस्थ खरंच घाबरले. डायरेक्टर कट म्हणाले नाहीत. आणि गर्दीत तिसऱ्या रांगेत आमच्या वस्तीतल्या झुंबरबाई बसल्या होत्या, ज्यांना फक्त टाळ्या वाजवायला सांगितलं होतं, त्या उठून म्हणाल्या, "पृथ्वीराजकडं हाय की! अजून कुणाकडं असंल?"

माझ्या अंगावर काटा आला. तो आज लिहितानाही आला आहे.

डायरेक्टरला वाटलं दोघींनी मनानंच भर घातली आणि लई भारी झालं. पृथ्वीराज हे नाव कुणाचं, ते त्यांना माहीत नव्हतं, हॉलच्या भाड्याचं प्रॉडक्शनवाल्यांनी बघितलं होतं. पुढचे एपिसोड साठवलेले नसल्यामुळं शनिवारचं सोमवारी लागलं. सोमवारी शिळा, आप्पांचं नाव आणि झुंबरबाई सगळ्या महाराष्ट्रानं बघितल्या. राहू, खुटबाव, पार शिरूरपर्यंत मोबाईलवर तेवढाच तुकडा फिरला. झुंबरबाईंच्या भाच्यानं तो शहात्तर वेळा बघितला असं तो सांगतो, पण तो काहीही सांगतो.

मंगळवारी सकाळी अकराला आप्पा चार गाड्या घेऊन सेटवर आले. मालिकेत दर आठवड्याला भानगड निस्तरणारं युनिट पाच मिनिटांत गायब झालं. डायरेक्टर गाडीत काच वर करून बसले. प्रॉडक्शनवाले मुंबईला फोन लावत होते आणि तिकडून एकच सांगत होते, काही बोलू नका. अनुपमाताई मृणालच्या साडीत पोहे खात होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा आप्पा. धम्मदीप, आप्पांना चहा, बिनसाखरेचा."

आप्पांनी विचारलं, "मला साखर चालत न्हाई हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट दिसतंय."

आप्पांनी पाकीट आत ढकललं. पृथ्वीराज मागं उभे राहून ओरडत होते, त्यांना आप्पांनी हातानंच गप्प केलं.

"बाई, चाळीस वर्सं राजकारण केलं. तुम्ही मला टीव्हीवर उघडा पाडला."

"मी नटी आहे आप्पा. पाठ केलेलं बोलते."

"शनिवारचं पाठ केलं व्हतं?"

"नाही," अनुपमाताई म्हणाल्या.

आप्पा हसले. मला वाटलं होतं आता खुर्ची फेकतात. "मग आता तुमची ती मृणाल काय करंल सांगा. तिचं काम बघतो म्या. म्हातारी आन् मी, दोघं बी बघतो रोज."

मी चहा घेऊन तिथंच उभा होतो, म्हणून पुढचं शब्दाला शब्द लिहितो. त्या म्हणाल्या, "लोक आता एकच विचारणार, शिळा कुणी फिरवली. वस्तीतल्या कुणी फिरवली असेल आणि तुम्ही त्याला धरलंत, तर उद्या लोक तुमच्याऐवजी त्याला हार घालतील. चुकून फिरली म्हणालात, तर लोक म्हणतील दगडालासुद्धा राहवलं नाही."

"आन् तिसरं?"

"तिसरं तुम्ही मालिकेत बघितलंय."

आप्पांनी चहा संपवला. उठले आणि गेले. संध्याकाळी पृथ्वीराज यांनी ठाण्यात तक्रार दिली की सेटवरच्या कुणीतरी मुद्दाम शिळा फिरवून आप्पांची बदनामी केली, आणि त्यात माझं आणि गौतमीचं नाव संशयित म्हणून सांगितलं. तेव्हापासून गौतमी एसटीच्या निवाऱ्यातही बसलेली नाही. पहाटे पळायला जाते, पण पुस्तक उघडत नाही. काल मला म्हणाली, "दाद्या, मी जाऊन सांगते." मी म्हणालो, काय सांगणार, डबा आणला होता हेच ना. यापेक्षा जास्त आमचं बोलणं झालेलं नाही.

तरी मी लिहून देतो की शिळा माझ्याच हातून फिरली, त्यात माझ्याशिवाय कुणाचा हात नाही, त्यासाठी जी काय कारवाई असेल ती माझ्यावर व्हावी. मला कुठल्या भरतीला जायचं नाही. मी एका जागी टिकणारा माणूस नाही, माझ्यावर एखादा गुन्हा लागला तरी फार काही अडणार नाही.

वरचं सगळं मी माझ्या हातानं लिहिलं. हवालदार सोपानरावांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, गोळाफेकीपाशी थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग पुढं वाचलं. मी सांगितलं तसंच ते आहे, त्यात कुणी काही घातलेलं नाही. सही करायची राहिली आहे, कारण हवालदार मधेच उठून दाराकडं गेले. कागद माझ्यापुढंच आहे म्हणून पुढचंही लिहून ठेवतो.

बाहेर गाडी थांबली आहे. आप्पा आलेत. एकटेच आहेत, पृथ्वीराज बरोबर नाहीत. परीटघडीचे कपडे आहेत, मागं मोबाईल धरलेली पाच-सहा माणसं. आत येऊन आप्पांनी टेबलावर एक किल्ली ठेवली. तिला अजून खताच्या गोणीची सुतळी बांधलेली आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ऊठ पोरा, जरा जागा दे." आता माझ्याच बाकावर बसलेत आणि म्हणतायत, "लिहा सोपानराव. नाव सावळाराम गवारे, वय अडुसष्ट, धंदा शेती. समक्ष सांगतो की, ती शिळा म्याच फिरवायला लावली."