दुसऱ्यांदा मागून घेतलं

मटणाच्या दुकानातली रांग हलत नव्हती. शिंपीणबाईंच्या पुढे एक टक्कल पडलेला माणूस आणि त्याची थोरली बहीण उभी होती. काचेमागे रक्त भरून केलेली काळीभोर सॉसेजं वेटोळं घालून पडली होती. बाईंनी तोंड फिरवलं, कान मात्र तिकडेच राहिले.

“ताई, लग्नाआधी हे किती आवडीनं खायचो मी! ही म्हणाली, रक्त खाल्लेल्या तोंडानं माझ्याशी बोलायचं नाही. सोडलं की नाही?”

“सोडलंस रे बाबा.”

“आणि काल वरच्या मजल्यावरच्या त्या नव्या परदेशी शेजारणीकडे हेच खाऊन आली!”

“अगं बाई! तिच्या देशात खात असतील.”

“तिला खाऊ दे ना! हिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. वर मलाच सांगते, किती मऊ लागतं म्हणून.”

“मग बरंच झालं. आता तूही खा.”

“मी हिच्यासाठी सोडलं, आणि हिनं धरलं कुणासाठी?”

“अरे, बायकोच्या मैत्रिणीचा कसला हेवा करतोस?”

“हेवा कोण करतंय? घरात हसत नाही तेवढी तिथं हसते. जिन्यात ऐकू येतं.”

रांग पुढे सरकली.

“बोला साहेब,” खाटीक म्हणाला.

“ती सॉसेजं द्या. दोघांपुरती.” तो घुटमळला. “नको, ही तिला बोलावल्याशिवाय राहायची नाही. तिघांपुरती द्या.”

“बरं.”

“आणि तळायची कशी, ते नीट सांगा. वरच्या मजल्यापेक्षा चांगली झाली पाहिजेत.”